कामाला माणसे नाहीत, की माणसांना वाट नाही?

(गिरणी कामगारांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



आज आम्ही एका वाक्याचा पंचनामा करायला आपल्यापुढे उभे आहोत. वाक्य लहान आहे आणि तुम्ही-आम्ही ते शंभरदा ऐकले आहे. "कोकणात कामाला माणूस मिळत नाही." आंबा बागायतदार हे म्हणतो, मच्छीमार नौकेचा मालक म्हणतो, औद्योगिक वसाहतीतला साहेब टेबलामागून म्हणतो. आणि सर्वांत वाईट गोष्ट अशी की, गणपतीला गावी गेलेले आपले चाकरमानीसुद्धा देवळाच्या पायरीवर बसून मान डोलावतात. वर पुस्ती जोडतात, "हल्लीची पोरं आळशी झाली हो!"

अहो, आळशी कोण? ज्या मातीतला माणूस साचाखात्याच्या दमट हवेत पाळीच्या पाळ्या उभा राहिला, कापसाची धूळ छातीत भरून घेऊन घरी बसला, त्या मातीचा नातू एकाएकी आळशी कसा झाला? आम्हांला हे पटेना. म्हणून आम्ही रत्नागिरीकडे फिरलो, बागांत गेलो, कारखान्यांच्या फाटकांवर उभे राहिलो, एसटीच्या थांब्यांवर बसलो. जे पाहिले ते आज सांगतो. पण त्याआधी थोडे मागे जावे लागेल, कारण हे रडगाणे आजचे नाही.

१९११ सालची खानेसुमारी पाहा. मुंबईच्या गिरण्यांत राबणाऱ्या माणसांपैकी जवळजवळ निम्मी माणसे एकट्या रत्नागिरी जिल्ह्यात जन्मलेली होती. तेव्हाच्या रत्नागिरी जिल्ह्यात आजचा सिंधुदुर्गही आला. पुढे घाटावरून, उत्तरेकडून माणसे येत गेली आणि १९३१ पर्यंत हे प्रमाण सुमारे पाव हिश्श्यावर आले. पण पाव म्हणजेही काही थोडके नव्हे. एका डोंगराळ, खाड्यांनी तुटलेल्या, पावसाळ्यात जगापासून वेगळ्या पडणाऱ्या मुलखाने जगातल्या एका मोठ्या कापडनगरीला हात पुरवले. दोनशे मैलांवरून!

हे हात आले कसे? हौसेने आले का? वरकस जमीन, एकच भाताचे पीक, डोंगरउतारावर थोडी नाचणी-वरी, आणि त्या पिकावर खोताचा हात. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबई विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले, त्या वेळी कोकणचा कुणबी आणि महार एकत्र उभा राहिला होता. कायदा व्हायला १९४९ साल उजाडावे लागले. तोवर कितीतरी पिढ्या दिवाळीला भात झोडून, खोताचा वाटा मोजून, उरलेल्या दाण्यांकडे पाहून मुंबईची वाट धरत होत्या. १९३१ साली मजुरांविषयीच्या शाही कमिशनने आपल्या अहवालात हे कबूल केले की, शहराची ओढ माणसाला गिरणीत आणत नाही, गावात पोट भरत नाही म्हणून तो येतो. गोऱ्या साहेबांना जे तेव्हा दिसले, ते आपल्या देवळाच्या पायरीवरच्या मंडळींना आज दिसत नाही याचे नवल वाटते.

आता गंमत ऐका. इतकी माणसे येत होती, तरी गिरणीमालक काय म्हणत होते? "माणूस मिळत नाही!" एप्रिल-मे आला की मस्टर रिकामे. लग्नसराई, घर शाकारणी, पाठोपाठ पेरणी-लावणी. विणकर गावी गेला की साचे बंद. मालक त्याला गैरहजेरी म्हणायचे, आपली माणसे तिला शेत म्हणायची. शेत पडीक ठेवले तर म्हाताऱ्या आईच्या तोंडात काय पडणार, हा हिशेब कंपनीच्या वहीत नव्हता.

मग मालकांनी उपाय काय केला? बदली! रोज सकाळी भोंग्याच्या आधी फाटकापाशी माणसांचा घोळका उभा. जॉबर येणार, बोट दाखवणार, तू ये, तू ये, बाकीच्यांनी उद्या या. दस्तुरीशिवाय बोट वळत नसे हे इथल्या वडीलधाऱ्यांना आम्ही सांगायला नको. १९३५ पासून बदलीचे कार्ड आले, थोडी शिस्त आली. पण फाटकापाशी उभे राहणे काही सुटले नाही. बघा, म्हणजे एकीकडे "माणूस मिळत नाही" आणि दुसरीकडे फाटकावर बिनकामाची गर्दी! दोन्ही एकाच वेळी, एकाच गिरणीत. तेव्हा 'मिळणे' या शब्दाचा मालकाच्या कोशातला अर्थ आपण नीट समजून घ्या. बोलावले त्या घटकेला हजर आणि नको त्या घटकेला गायब, असा जो, तो 'मिळणारा' माणूस.

आणि असा माणूस कुठे राहत होता? गिरणीच्या सावलीत. लालबाग, परळ, नायगाव, डिलाईल रोड. बहुतेक कामगार चालत पाव तासाच्या आत गिरणीत पोचत. पहिली पाळी सकाळी सातला, दुसरी साडेतीनला, तिसरी रात्री बाराला. गावाची खोली असायची, दहा बाय बाराची. तीत पंधरा-वीस गाववाले, पाळी-पाळीने झोपणारे. एक उठून कामावर गेला की दुसरा त्याच वळकटीवर. वळकटी निवायची नाही! जेवायला खाणावळ, ती चालवणारी आपल्याच गावाकडची एखादी बाई. ट्रंक खुंटीच्या खाली, बायको-पोरे दोनशे मैलांवर.

म्हणजे रोजची वाट पाच मिनिटांची आणि वर्षाची वाट दोनशे मैलांची. ही व्यवस्था मालकाला फार सोईची होती. तिचे भाडे कोण भरत होते, हे मात्र कोणी विचारले नाही.

ते आपण विचारू. पोर लहानाचे मोठे केले कोणी? गावाने. अठरा-वीस वर्षे भाकरी घालून, हाडे भरून, त्याला गिरणीच्या फाटकाशी आणून उभे केले. आजारी पडला, खोकल्यातून रक्त पडू लागले, तेव्हा त्याला पाठवले कुठे? गावी. म्हातारा झाला तेव्हा? गावी. मधली धडधाकट वर्षे तेवढी गिरणीची. मागे राहिलेल्या बाईने नांगरटीपासून मळणीपर्यंत सारे केले, म्हातारे सांभाळले, आणि महिन्याच्या मनिऑर्डरीसाठी पोस्टमनची वाट पाहिली. त्या मनिऑर्डरीला लोक मुंबईचा उपकार म्हणायचे! आमचा हिशेब उलटा आहे. गिरणीने दिलेला पगार एका माणसाच्या खानावळीपुरता धरला, तर उरलेले कुटुंब गाव पोसत होता म्हणूनच तो पगार पुरत होता. उपकार झाला असेल तर तो गावाने गिरणीवर केला.

वाटेचेही तेच. बोटीची वाट आठवणारे काहीजण इथे असतील, निदान वडिलांकडून ऐकलेले असतील. भाऊच्या धक्क्यावरून आगबोट सुटायची. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ले. बंदराला बोट लागायची नाही, मचव्यात उडी मारून किनारा गाठायचा. डेकवर माणूस, बोचके, कोंबडी सारे एकत्र. आणि ऐन पावसाळ्यात, म्हणजे लावणीला गडी घरी हवा तेव्हाच, लांबच्या बोटी बंद. दर्याच्या मर्जीवर माणसाचे शेत.

१७ जुलै १९४७. स्वातंत्र्य एका महिन्यावर आलेले. 'रामदास' बोट भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघाली. आषाढी अमावास्या तोंडावर आलेली, सणाला घरी जाणारी माणसे खच्चून भरलेली. मुंबईच्या समुद्रातच ती उलटली. सहाशेंहून अधिक माणसे बुडाली. त्यांत किती गिरणीवाले होते, किती हमाल, किती घरगडी, याची वर्गवारी कोणी ठेवली नाही. पण ती माणसे कामाच्या ठिकाणाहून घरी निघाली होती, एवढे सर्वांना ठाऊक होते. कामावरून घरी जाणे हे काही हौसेचे फिरणे नव्हे. ते कामाचेच शेपूट आहे. कंपनीच्या दप्तरात मात्र फाटकाबाहेर पाऊल टाकले की माणूस आणि कंपनी यांचा संबंध संपत असे.

पुढची कथा आम्ही भराभर सांगतो, कारण ती तुमच्या अंगावरून गेलेली आहे. १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झाले. ते मिळवायला गिरणगाव रस्त्यावर उतरला, गोळ्या खाल्ल्या. १९६२ साली औद्योगिक विकास महामंडळ निघाले आणि कारखाने मुंबईबाहेर, मागासलेल्या भागांत जातील असे सांगण्यात आले. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. त्या संपात माणसे तगली कशी? पुष्कळजण गावी गेले. गावाने भाताची पोती उघडली. पुन्हा एकदा गिरणीचे ओझे गावाच्या डोक्यावर! गिरण्या काही पहिल्यासारख्या सुरू झाल्या नाहीत. सरकारी महामंडळाकडे उरलेल्या थोड्या गिरण्यांची चाके २०२० च्या टाळेबंदीत थांबली. जमिनीवर मनोरे उभे राहिले. ते तुम्हांला रोज दिसतात, आम्ही वर्णन करीत नाही.

आता कोकणात चला.

रत्नागिरीजवळ एका बागायतदाराकडे आम्ही गेलो. माणूस वाईट नव्हे. चहा दिला, हापूसची कलमे दाखवली, आणि मग तेच वाक्य, "काय करणार, माणूस मिळत नाही. नेपाळी आणावे लागतात." खरेच, त्या बागांत राखणीपासून काढणीपर्यंत नेपाळहून आलेले भाऊ दिसतात. बंदरांत नौकांवरही खलाशी म्हणून तेच. आम्ही विचारले, तुमच्या बागेपासून पलीकडची वाडी दिसते आहे, तिथल्या पोरांना बोलावता का? बागायतदार हसला. म्हणाला, "बोलावतो हो. पण ती सहाला घरी जातात. सणाला येत नाहीत. घरचे भात कापायला निघाले की चार दिवस गायब. आणि हिशेबाला बसली की तोंड चालवतात. नेपाळी इथेच झोपडीत राहतो. रात्री वानर आले तरी उठतो."

बंधूंनो, हे ऐकून आम्ही गप्पच झालो. कारण हा बागायतदार १९११ सालच्या गिरणीमालकाच्या तोंडाने बोलत होता! त्याला माणूस नको आहे असे नाही. त्याला घर मागे टाकून आलेला माणूस हवा आहे. ज्याचे शेत हजार मैलांवर आहे, ज्याची बायको संध्याकाळी वाट पाहत नाही, ज्याला भांडण झाले तर जायला जागा नाही. तेव्हा तो माणूस आम्ही होतो. आता तो नेपाळचा आहे. म्हणून त्या नेपाळी भावावर कोणी दात धरू नका. तो आज कलमाखालच्या झोपडीत तेच करतो आहे, जे तुमच्या आजाने डिलाईल रोडच्या खोलीत केले. त्याची मनिऑर्डर कुठल्यातरी डोंगरात कोणीतरी बाई अशीच मोजत असेल.

घाटावर गेलात तरी हेच. कोल्हापूर-सांगलीकडे उसाचा फड आहे, गावे माणसांनी भरलेली आहेत. तरी ऊस तोडायला टोळ्या येतात बीडकडून. उचल घेऊन, पोराबाळांसह, फडाशेजारी कोपी घालून. मुकादम पहाटे हाक मारतो आणि कोपीतून माणूस बाहेर येतो. पाव तासाची वाट नव्हे, पाव मिनिटाची! असा माणूस शेजारच्या गावात मिळणार नाही, हे खरेच आहे. मिळूही नये.

आता दुसरी बाजू. वाडीतल्या पोराला काम हवे का? हवे. खेड तालुक्यात लोट्याला रसायनांचे कारखाने आहेत, रत्नागिरीजवळ मिरजोळ्याला वसाहत आहे, सिंधुदुर्गात कुडाळला आहे. तिथे स्थानिकांना काम मिळते, ठेकेदाराच्या हाताखाली का होईना. मग पोर जात का नाही? एका वाडीत आम्ही हा प्रश्न टाकला. एक पोर उभा राहिला आणि म्हणाला, "काम हाय वो, पन जायचा कसा ता इचारा की!"

तो कसा जातो ते ऐका. कोकणचे गाव एका जागी नसते, हे तुम्ही जाणता. दहा-बारा वाड्या, एक डोंगराच्या माथ्यावर, एक व्हाळाच्या पलीकडे. एसटी थांबते ती हमरस्त्याच्या वाडीत. तिथवर चालत तीन-चार किलोमीटर, पावसाळ्यात साकव वाहून गेला तर वळसा. मग एसटीने तालुक्याचे गाव, तिथून दुसरी गाडी किंवा वडाप. कारखान्याची पहिली पाळी सातला. वाडीची पहिली एसटी साताच्या पुढे. दुसरी पाळी सुटते रात्री अकराला. शेवटची एसटी संध्याकाळीच निघून गेलेली. मग उरते काय? हप्त्यावर घेतलेली मोटारसायकल. पगारातून हप्ता आणि पेट्रोल गेले की हातात जे राहते ते बापाला सांगायची लाज वाटते, असे ते पोर म्हणाले. आणि रात्रीच्या पावसात घाटातल्या वळणावर घसरून पडला, तर ठेकेदार म्हणतो, तो आमच्या आवारात पडला नाही.

२०२१ च्या अखेरीस एसटी कामगारांचा संप झाला, तो महिनोन् महिने चालला. कामगाराचा संप होता, आमची सहानुभूती त्यांच्याकडेच होती आणि आहे. पण त्या काळात सर्वांना एक गोष्ट उमजली: लाल गाडी थांबली की वाडी थांबते. शाळा, दवाखाना, बाजार आणि काम, चारही एकाच दोरीवर.

रेल्वेचे म्हणाल तर कोकण रेल्वेचा पूर्ण मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. मोठे काम झाले. रोह्यापासून मंगळूरकडे सुमारे ७४० किलोमीटर, बोगदे आणि पूल यांची रांग. आम्ही तिचे ऋण मानतो. बोटीच्या डेकवरून आणि रात्रभराच्या एसटीतून तिने आपल्याला सोडवले. पण तिचा मार्ग बहुतांशी एकेरी, गाड्या बव्हंशी लांबच्या. गावाहून मुंबईला जायला ती उत्तम आहे. गावात राहून सकाळी चिपळूणच्या कामावर जायला आणि संध्याकाळी परतायला तिचा उपयोग किती? स्टेशनेही जुन्या गावांपासून दूर, रत्नागिरीचे स्टेशन शहराबाहेर, सावंतवाडीचे तसेच. महामार्गाचे चौपदरीकरण २०११ साली हाती घेतले, दहा वर्षे उलटली तरी ते पुरे झाले नव्हते. आम्हांला म्हणायचे आहे ते एवढेच, की कोकणच्या वाटा आजवर माणूस बाहेर नेण्यासाठी बांधल्या गेल्या. माणसाला घरी राहून कामावर जाता यावे, या हिशेबाने वेळापत्रक कोणी आखले नाही.

त्याचा परिणाम खानेसुमारीत पाहा. २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या वाढली नाही, सुमारे ८२ हजारांनी घटली. सिंधुदुर्गाची १९ हजारांनी घटली. साऱ्या महाराष्ट्राची वाढत असताना! आणि २०११ साली रत्नागिरीत दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. साहेब या आकड्यांवर बोट ठेवून म्हणतो, "बघा, माणसेच नाहीत!" आम्ही म्हणतो, साहेब, त्या ११२२ कोण आहेत? त्या माणसे नव्हेत काय?

ही गोष्ट आम्हांला जरा सविस्तर सांगितली पाहिजे, कारण आपणही तिच्याकडे डोळेझाक केली. गिरणीवाल्याच्या मागे गाव चालवला तो बाईने. आज काजूच्या कारखान्यांत बिया फोडायला, सोलायला, निवडायला बाया आहेत. एका कारखान्याच्या फाटकावर आम्ही वहिनींशी बोललो. त्या म्हणाल्या, आणखी दहाजणी यायला तयार आहेत; पण सुटायची वेळ आणि गाडीची वेळ जमत नाही, आणि अंधारात व्हाळ ओलांडून कोण जाणार? मालक म्हणतो, बाया मिळत नाहीत. एक टेम्पो वेळेवर वाडीच्या तोंडाशी सोडा, दहा बाया मिळतील. हे अर्थशास्त्र शिकायला विलायतेला जावे लागत नाही.

कोणी म्हणेल, अंतराचा खर्च मालकाने का सोसावा? कामगार कुठे राहतो हा त्याचा प्रश्न. हा युक्तिवाद जुना आहे, पण कायद्याने तो केव्हाच मोडलेला आहे, तेही एकदा नव्हे, तीनदा. तुम्ही ध्यानात ठेवा, उद्या उपयोगी पडेल.

१९७९ साली आंतरराज्य स्थलांतरित कामगारांचा कायदा झाला. त्यात असे होते की, ठेकेदाराने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात कामगार नेला, तर येण्याजाण्याचे भाडे त्याने द्यायचे, आणि प्रवासातले दिवस कामावरचे धरून त्यांची मजुरीही द्यायची. प्रवास म्हणजे काम, हे कायद्याच्या पुस्तकात लिहिले गेले! पण त्यासाठी राज्याची सीमा ओलांडलेली हवी. ओरिसाचा भाऊ मुंबईस आणला तर भाडे. सावंतवाडीचा भाऊ मुंबईस आला तर काही नाही. आपण भाषेचे एक राज्य मागितले, मिळवले, आणि त्याच्या पोटात माणूस चारशे-पाचशे किलोमीटर वणवण हिंडला तरी कायद्याच्या लेखी तो घरातल्या घरातच हिंडतो आहे. राज्य मिळाल्याचा आम्हांला अभिमान आहे. म्हणूनच राज्याच्या आत अंतर असते, हे राज्याला सांगणे आपले काम आहे.

दुसरे, २००५ सालचा ग्रामीण रोजगार हमीचा कायदा. काम गावापासून ५ किलोमीटरच्या आत द्यायचे. त्यापलीकडे दिले तर प्रवासखर्चापोटी १० टक्के जादा मजुरी, अशी त्यात तरतूद केली होती. या कल्पनेचे मूळ आपल्या राज्यात आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्राची रोजगार हमी उभी राहिली, १९७७ साली तिचा कायदा झाला. आणि तिच्यासाठी पैसा कुठून आला? १९७५ पासून शहरातल्या पगारदारांवर बसवलेल्या व्यवसायकरातून. तुमच्या पगाराच्या चिठ्ठीवर तो कापलेला असायचा, आठवतो? तुम्ही कुरकुर करायचात, आम्हीही केली. पण ते पैसे कुठल्यातरी दुष्काळी गावात, घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर, खडी फोडणाऱ्या बाईच्या हातात पडत होते. गिरणी कामगाराने एवढे केले आहे. तेव्हा गावच्या वाटेविषयी बोलण्याचा अधिकार त्याला कोणी देण्याची गरज नाही.

तिसरे, २०१० साली कर्मचारी राज्य विमा कायद्यात दुरुस्ती झाली आणि घर ते कारखाना या वाटेवरचा अपघात, कामाशी संबंध दिसत असेल तर, कामावरचाच अपघात मानावा असे ठरले. 'रामदास' बुडाल्यानंतर तब्बल त्रेसष्ट वर्षांनी! मोटारसायकलवरून घसरलेल्या त्या पोराचे नाव विम्यात आहे की नाही, ठेकेदाराने वर्गणी भरली की नाही, हे त्याला स्वतःलाच माहीत नव्हते. असे किती असतील?

आणि आता तुमच्या स्वतःच्या घराचा प्रश्न घ्या. गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांना घरे मिळायची होती. काहींना सोडतीत मिळाली, पुष्कळांना नाही. २०२४ मध्ये योजना पुढे आली ती शेलू आणि वांगणी इथल्या घरांची, बदलापूरच्याही पुढची स्टेशने! कामगार संघटनांनी तिला विरोध केला आणि मुंबईतच घरे द्या म्हणून मोर्चे काढले. तेव्हा काही शहाण्यांनी विचारले, "घर मिळते आहे ना, मग अंतराचे काय एवढे?" अंतराचेच तर सारे आहे, बाबा! पाच मिनिटे चालत गिरणीत जाणाऱ्याच्या मुलाने गर्दीच्या गाडीत लोंबकळत रोज चार तास द्यायचे. ते चार तास कोणाच्या पगारात मोजायचे? वाडीतल्या पोराचे मोटारसायकलचे हप्ते आणि तुमच्या मुलाचा लोकलचा पास, ही दोन दुःखे नव्हेत. एकच बिल आहे, दोन नावांवर फाडलेले.

म्हणून यंदा गणपतीला गावी जाल तेव्हा एक काम करा. देवळाच्या पायरीवर बसून पोरांना आळशी म्हणण्यात जो वेळ जातो, त्यातला अर्धा तास आम्हांला द्या. शंभर पानी वही घ्या. आपल्या वाडीपासून एसटीचा थांबा किती लांब, पहिली गाडी किती वाजता, शेवटची किती वाजता, पावसाळ्यात किती दिवस बंद. जवळचा कारखाना, बाग किंवा बंदर कोणते, तिथली पाळी केव्हा भरते आणि केव्हा सुटते. जायला भाडे किती पडते आणि मजुरी किती हातात येते. वाडीतल्या किती पोरांना आणि किती बायांना काम हवे आहे, हे त्यांना स्वतःला विचारून लिहा. बायांना विचारायला घरातल्या बायांना पाठवा, पुरुषांनी त्यांच्या वतीने उत्तरे देऊ नयेत. पोरांना विम्याचा नंबर विचारा. नसेल तर तेही लिहा.

एकेका गावमंडळाने एकेक वही केली, तर एसटीच्या आगारप्रमुखापुढे, कारखानदारांच्या बैठकीत आणि मंत्रालयात आपण मोकळ्या हाताने जाणार नाही. पहिली मागणी आम्ही आजच सांगून ठेवतो: पाळीच्या वेळेला जुळणारी गाडी, जाताना आणि येताना, आणि तिचे भाडे काम देणाऱ्याच्या वहीत. बाकीच्या मागण्या तुमच्या वह्या पाहून ठरवू. गणपती विसर्जनानंतरच्या दुसऱ्या रविवारी याच जागी वह्या घेऊन या. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी नातवंडांना बरोबर आणावे, लिहून घ्यायला आम्ही सकाळपासून बसलेलो असू.